भात फ्रिजमध्ये गेला, पण उशिरा

सप्रेम नमस्कार,

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सात वर्षांचा मुलगा. मागच्या रविवारी पाहुणे होते, म्हणून चिकनचा रस्सा आणि मोठं पातेलं भरून भात केला. बराच भात उरला. मी रात्रीच फ्रिजमध्ये ठेवणार होते, पण सासूबाई म्हणाल्या, "गरम पातेलं आत ठेवू नको, फ्रिज बिघडतो आणि बाकीचंही नासतं." भात रात्रभर ओट्यावर राहिला. सकाळी उठल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवला आणि दुपारी फोडणीचा भात केला. वास आला नव्हता, भात चांगला मोकळा होता. दोन-अडीच तासांत मुलाला आणि सासऱ्यांना उलट्या सुरू झाल्या. आम्ही दोघांनी डब्यात चपाती-भाजी नेली होती आणि सासूबाईंचा सोमवारचा उपवास होता. डॉक्टर म्हणाले, खाण्यातून झालंय. आता दोघंही बरे आहेत, पण घरात वाद पेटलाय. सासूबाई म्हणतात, "आम्ही जन्मभर शिळा भात परतून खाल्ला. चिकनच बाधलं असेल." मी म्हणते, यापुढे उरलेलं सगळं टाकून द्यायचं. त्यांना अन्न टाकलेलं बघवत नाही. पुढच्या महिन्यात नणंद बाळंतपणाला येणार आहे, त्यामुळे मला जास्तच धास्ती वाटते. त्यात दुपारची लाईट जाते, कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडते, फ्रिज दहा-अकरा वर्षांचा झालाय. काय किती दिवस ठेवायचं? नवा फ्रिज घ्यावा का? नाव छापू नये.

एक सून, सांगली

ताई,

मुलगा आणि सासरे बरे झाले, हे फार चांगलं झालं. निदान डॉक्टरांनीच करायचं असतं, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझा संशय भातावरच आहे. चिकन रविवारी रात्री सगळ्यांनी खाल्लं. उलट्या झाल्या त्या फक्त सोमवारी भात खाणाऱ्या दोघांना, आणि त्याही खाल्ल्यावर दोन-अडीच तासांत.

तांदळात बॅसिलस सेरिअस नावाचा जंतू बीजाणूंच्या, म्हणजे कवचात झोपून राहिलेल्या, रूपात असू शकतो. त्याचे बीजाणू भात शिजतानाच्या उकळीतही मरत नाहीत. शिजलेला भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. हे विष फोडणीच्या कढईत नष्ट होत नाही. उकळलं, परतलं, वाफ काढली तरी जंतू मरतात आणि विष मागे राहतं. ते पोटात गेलं की साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. भाताला वास येत नाही, तार सुटत नाही, चवही बदलत नाही. तुम्ही वास घेऊन पाहिलात, यात तुमची काही चूक नाही. नाकाला कळण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

सकाळी भात फ्रिजमध्ये गेला, तेव्हा जे व्हायचं ते रात्रीच होऊन गेलं होतं. मला पत्र लिहिणारे बहुतेक जण विचारतात, अमुक पदार्थ फ्रिजमध्ये किती दिवस टिकतो. मी उलट त्यांना विचारते, फ्रिजमध्ये जाण्याआधी तो किती तास बाहेर होता? फ्रिज अन्नाला पुन्हा ताजं करत नाही, आत येताना ते जसं होतं त्याच अवस्थेत थोडे दिवस धरून ठेवतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. सगळं पोषक मिळालं तर वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे सात तासांत वीस लाखांवर होतात. म्हणून शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच आत न्यायचं. सांगलीत एप्रिल-मेमध्ये रात्री दहा वाजताही स्वयंपाकघर कसं तापलेलं असतं, ते मी तुम्हाला काय सांगणार!

तासगाव भागात द्राक्षाच्या बागा असलेलं कुणी नात्यात असेल तर त्यांना विचारा. परदेशी जाणारा माल तोडल्यावर काही तासांच्या आत प्री-कूलिंगला जातो. उन्हात तापलेल्या घडातली उष्णता आधी काढून घेतात आणि मगच तो शीतगृहात ठेवतात. इथे उशीर झाला, तर पुढे शून्य अंशात ठेवूनही तो माल टिकत नाही. आपल्या पातेल्यातल्या भाताचंही तसंच आहे.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांनी सांगितलं त्यातलं निम्मं बरोबर आहे. वाफाळतं मोठं पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं तर आतली हवा तापते, शेजारचं दूध-दही कोमट होतं, फ्रीझरमध्ये बर्फ साचतो आणि कॉम्प्रेसर बराच वेळ चालत राहतो. त्यावर उपाय म्हणून भात रात्रभर ओट्यावर ठेवला, तिथे गणित चुकलं. खोल पातेल्यातला भात वरून हाताला गार लागतो, पण मध्यभागी तो कित्येक तास कोमटच असतो. जंतूंना तेवढंच हवं असतं.

करायचं काय, तर उरलेला भात परातीत पसरा आणि पंख्याखाली ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांत वाफ निघून जाते. मग पसरट डब्यांत भरून झाकण लावा आणि आत ठेवा. थोडा कोमट असला तरी चालेल, फ्रिजला तेवढं झेपतं. रस्सा, आमटी, दूध यांचं पातेलं गार पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवा, मधूनमधून ढवळा, पाणी तापलं की बदला. मग दोन-तीन छोट्या डब्यांत वाटून घ्या. एका मोठ्या डब्यापेक्षा तीन छोटे डबे कितीतरी लवकर गार होतात, आणि दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच डबा बाहेर काढता येतो. रात्रीची झाकपाक आपल्याकडे सगळ्यात शेवटी होते. आधी गप्पा, मग मालिका, मग पाहुण्यांना सोडायला फाटकापर्यंत जाणं. ती जेवण झाल्याबरोबर करायची, एवढाच बदल घरात करा. माझ्या मते तुमच्या अर्ध्या प्रश्नांचं उत्तर त्यात आहे.

"आम्ही जन्मभर खाल्ला" हेही खोटं नाही, आणि त्यावरून सासूबाईंना बोल लावू नका. पूर्वी पाच माणसांच्या घरात पातेलंभर भात उरायचाच नाही. रोजचं जेवण भाकरीचं होतं, भात बेताचा व्हायचा. उरला तर पुष्कळ घरांत त्यात ताक घालून ठेवायचे, आणि आंबटपणात हे जंतू सहज वाढत नाहीत. शिवाय असा भात दर वेळी बाधतोच असं नाही. दहा वेळा काही होत नाही, अकराव्यांदा होतं. आणि बाधलं तर ते उन्हावर, दृष्टीवर किंवा पाणी बदलल्यावर ढकललं जायचं. त्यांना मनापासून काही सांगायचं असेल तर असं सांगा, की अन्न वाया जाऊ नये म्हणूनच ते लवकर आत ठेवायचं. रात्री साडेनऊला आत गेलेला भात दुसऱ्या दिवशी दुपारी पोटात जातो. रात्रभर ओट्यावर राहिलेला मात्र टाकावाच लागतो. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या बाईला हे नक्की पटेल, फक्त जिंकल्याच्या सुरात सांगू नका. आणि सगळं उरलेलं टाकून द्यायचा तुमचा विचारही सोडा, त्याची गरज नाही.

दिवसांचा हिशेब आता सांगते. तो वेळेत थंड करून ठेवलेल्या अन्नाचा आहे, हे लक्षात असू द्या. भात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवावा आणि एकदाच गरम करावा. भाजी, आमटी, उसळ, रस्सा यांना फ्रिज नीट थंड असेल तर तीन-चार दिवस सांगितले जातात, पण जिथे लाईट जाते आणि दार दिवसभर उघडतं अशा घरात मी दोनच दिवस धरते. गरम करताना नुसतं कोमट करून वाढू नका, पूर्ण उकळी येऊ द्या. मळलेली कणीक दुसऱ्या दिवशी वापरून टाका. ओल्या नारळाची चटणी एक-दोन दिवस. शेंगदाण्याची, कारळ्याची कोरडी चटणी फ्रिजमध्ये जागा अडवायला ठेवूच नये, ती बरणीत छान राहते. आलं-लसणाचं वाटण तेल घालून बाहेर ठेवायची सवय काही घरांत असते, ती मात्र मोडा. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बोटुलिनम नावाचा फार घातक जंतू वाढू शकतो. असं वाटण फ्रिजमध्ये चार दिवस ठेवावं, जास्त केलं असेल तर छोटे गोळे करून फ्रीझरमध्ये टाकावं. डब्यावर कागदी टेप लावून वार लिहिला की 'हे कधीचं?' हा प्रश्नच उरत नाही.

कच्चं चिकन आणि मासे एक-दोन दिवसांत शिजवा, नाहीतर आणल्याबरोबर फ्रीझरमध्ये टाका. फ्रिजमध्ये ते घट्ट झाकणाच्या डब्यात सगळ्यात खालच्या कप्प्यात हवेत. पिशवी वरच्या कप्प्यात ठेवली तर तिचं पाणी खालच्या कोशिंबिरीत ठिबकतं. गोठलेलं चिकन सकाळपासून ओट्यावर काढून ठेवू नका. आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात आणून ठेवलं की ते सावकाश आणि सुरक्षित सुटतं.

फ्रिजचं दार ही त्यातली सगळ्यात उबदार जागा. दर वेळी उघडताना बाहेरची हवा तिथेच आधी लागते. आणि नेमकी दुधाची पिशवी आपण दारात उभी करतो. दूध आतल्या कप्प्यात ठेवा, दारात लोणचं, सॉस, पाण्याच्या बाटल्या राहू द्या. अंडीही आतच बरी, आणि ती धुवायची असतील तर फोडण्याच्या आधी धुवा. धुऊन ठेवली तर कवचावरचा संरक्षक थर जातो. मागच्या भिंतीला काकडी टेकवू नका, गोठते. आणि मंडईतून आणलेल्या पिशव्या जशाच्या तशा कोंबू नका. डब्यांच्या मधून हवा फिरली तरच आतलं थंड होतं.

कोथिंबीर काळी पडते ती ओलाव्याने. आणल्यावर धुऊ नका. पिवळी, सडकी पानं निवडा, मुळं कापा, माती झटका आणि कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात ठेवा. कापड ओलसर झालं की बदला. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, छपाईची शाई अन्नाला लागू नये म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तसं करायला मनाई केली आहे. मेथी, पालकही असेच ठेवा. हिरव्या मिरचीचे देठ काढून ठेवले की ती कितीतरी जास्त दिवस राहते. कोथिंबीर खराब होण्याचं दुसरं कारण शेजारात शोधा. सफरचंद, पेरू, पिकलेली केळी, आंबे, टोमॅटो यांतून इथिलीन नावाचा वायू निघतो. त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते आणि काकडी मऊ होते. फळं एका कप्प्यात, पालेभाजी दुसऱ्यात.

बटाटे, कांदे, लसूण फ्रिजमध्ये नकोत. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, मग तळताना तो काळपट होतो. कांदा-बटाटा एका टोपलीतही नको, दोन्ही लवकर खराब होतात. केळी बाहेरच ठेवा. कच्चा आंबा बाहेर पिकू द्या, पिकल्यावर आत ठेवा. टोमॅटो पूर्ण पिकेपर्यंत बाहेर, कारण थंडीत त्याची चव मरते. द्राक्षं मात्र आणल्याबरोबर आत जाऊ द्या, तीही न धुता. मण्यांवर जी पांढरी लव दिसते ती त्यांच्या नैसर्गिक मेणाची असते, तिच्यामुळेच ती टिकतात. खायच्या वेळी चांगली धुवा. पावसाळ्यात बेदाणा घट्ट डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलात तर चिकट होत नाही.

लाईटचं सांगते. दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस बर्फ धरतो. म्हणून दुपारी लाईट गेली की 'बघू तरी काय झालंय' म्हणून दार उघडायचं नाही. मुलाला थंड पाणी हवं असेल तर माठातलं द्या. जेवायचं जे लागेल ते लाईट जायच्या आधीच काढून ठेवा. फ्रीझरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या, थोडी जागा सोडून भरलेल्या, कायम असू द्या, त्या बर्फाचं काम करतात. लाईट जाऊन-येऊन करत असेल तर दर वेळी चार-पाच मिनिटं थांबून मगच फ्रिज चालू करा, कॉम्प्रेसरला ते बरं. गावाला जाताना एक साधी युक्ती करून जा. वाटीत पाणी गोठवून बर्फावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाला दिसलं तर मागे बराच वेळ लाईट नव्हती, बर्फ वितळून पुन्हा गोठला, असं समजा आणि फ्रीझरमधलं चिकन टाकून द्या.

तुम्ही पुराचं विचारलं नाहीत, पण सांगलीकरांशी बोलताना ते टाळता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा घराघरांत पाणी आलं. पुराचं पाणी ज्याला लागलं ते अन्न, मग ते प्लास्टिकच्या बंद पिशवीत का असेना, खाऊ नका. पाण्यात बुडालेला फ्रिज वरून कोरडा झाला म्हणून चालू करू नका. कारागीराने उघडून, वाळवून, तपासून दिल्यावरच पिन लावा. विजेचा धक्का अन्नाच्या बाधेपेक्षाही वाईट.

आता नणंदेचं. तुमची धास्ती इथे खरी आहे. बहुतेक जंतूंची वाढ फ्रिजच्या थंडीत जवळजवळ थांबते, पण लिस्टेरिया नावाचा एक जंतू ४ अंशांतही हळूहळू वाढत राहतो. गरोदर बाईला त्याचा नेहमीपेक्षा जास्त धोका असतो, आणि तो बाळापर्यंत पोचू शकतो. तिला घाबरवू नका, पण तिच्यासाठी एवढं पाळा. दूध उकळलेलंच, पनीर आणि खवा शिजवूनच, कापलेलं फळ तेव्हाचं तेव्हा, मोड आलेली मटकी कच्ची नको. आदल्या दिवशीचं तिला शक्यतो वाढू नये आणि वाढलंच तर खळखळून उकळलेलं. बाळंतपणानंतर घरात अळिवाचे लाडू होतील. त्यात ओलं खोबरं असतं, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवस पुरतील एवढेच करा. डिंकाचे लाडू सुक्या खोबऱ्याचे, ते बाहेर डब्यात निवांत राहतात. मुलाला किंवा सासऱ्यांना पुन्हा कधी असा त्रास झाला तर जलसंजीवनी घोट-घोट पाजत राहा. लघवी कमी झाली, ताप आला, उलटीत किंवा शौचात रक्त दिसलं, मूल सुस्तावलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

राहिला नवा फ्रिज. तो घ्यायच्या आधी हा किती थंड आहे, ते मोजा. आतल्या गोल बटणावरचे १ ते ७ आकडे म्हणजे अंश नव्हेत, आकडा वाढला की थंडावा वाढतो, एवढाच त्यांचा अर्थ. फ्रिजचा थर्मामीटर आणा, ताप मोजायचा चालणार नाही. मधल्या कप्प्यात पाण्याने भरलेल्या पेल्यात तो रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. ५ अंश किंवा कमी असेल तर तुमचा फ्रिज ठणठणीत आहे. फ्रीझर उणे १८ च्या आसपास हवा. आकडा जास्त आला तर आधी दाराचं रबर तपासा. दारात कागदाचा तुकडा अडकवून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आला तर रबर सैल आहे. ते कोमट साबणाच्या पाण्याने पुसून पाहा, तरीही नाही तर बदलून घ्या. मागे काळी जाळी असेल तर पिन काढून तिच्यावरची धूळ झाडा आणि भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा. फ्रीझरमध्ये बर्फाचा थर बोटभर झाला असेल तर फ्रिज बंद करून तो वितळू द्या. सुरीने खरवडू नका, भिंतीतच गॅसच्या नळ्या असतात. त्यांना भोक पडलं की दुरुस्ती महागात जाते, आणि हल्लीच्या फ्रिजमधला आयसोब्युटेन वायू पेट घेणारा असतो.

एवढं करूनही पारा ५ च्या खाली येत नसेल, तर कारागीराला बोलवा. त्याने कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं, तर अकरा वर्षांच्या फ्रिजवर तेवढा खर्च करू नका, नवा घ्या. तुमच्याकडे लाईट जाते, म्हणून मी तुम्हाला डायरेक्ट कूल, म्हणजे आत बर्फ साचणारा फ्रिज, सुचवेन. त्यातला बर्फ लाईट नसताना थंडावा धरून ठेवतो, मात्र तो अधूनमधून वितळवावा लागतो. तो त्रास नको असेल तर फ्रॉस्ट-फ्री घ्या. त्यात पंख्यामुळे सगळ्या कप्प्यांत थंडावा सारखा राहतो, वीज थोडी जास्त लागते. दोन्हींत वीजबचतीचे जास्त तारे असलेला निवडा. आणि नणंद पुढच्या महिन्यात येणार आहे, तेव्हा थर्मामीटर याच आठवड्यात आणा.